ही साइट उघडत नाही, बॉस!

नेट चालू, मेल चालू, यूट्यूब चालू. फक्त हवी तीच साइट बंद! राउटर चार वेळा रीस्टार्ट करून झाला की मग डोक्यात प्रकाश पडतो. दोष आपल्या मशीनचा नाही, कुणीतरी 'वरून' बटण दाबलंय. कोण हे 'वरचे'? आणि आपण नेटकर अशा वेळी काय करतो?

मे २०२०. वरळी कोळीवाडा मार्चच्या शेवटी सील झालेला. मुंबईत ज्या वस्त्यांना सगळ्यात आधी बॅरिकेड लागले, त्यातली ही एक. आता कुठे एकेक गल्ली उघडत होती. अशात दुपारी तीनला मला फोन आला. माझ्या मावसभावाचा. आमचं अख्खं खानदान त्याला दादूस म्हणतं, सबब तुम्हीही म्हणा. दादूस लोअर परळच्या एका ऑफिसात व्हिडिओ एडिटिंग करतो. लॉकडाऊन लागायच्या आदल्या दिवशी ऑफिसचं मशीन टॅक्सीत घालून घरी आणलं, म्हणून त्याची नोकरी टिकली. आणि मी आमच्या घराण्यातली अधिकृत 'कम्प्युटरवाली'. प्रिंटर अडकला, पासवर्ड विसरला, व्हॉट्सअॅप गेलं, की फोन मलाच.

"अगं ऐक ना, ती फाइल पाठवायची साइट उघडत नाय."

"नेट चालू आहे का?"

"सगळं चालू हाय. फक्त वीट्रान्स्फर बंद."

मी माझ्याकडची सगळी औषधं सांगितली. राउटर बंद करून दहा आकडे मोज. ब्राउझर बदल. कुकीज उडव. काही नाही. पडद्यावर नुसतं पांढरं पान. संध्याकाळी सहाला क्लायंटकडे फिल्म पोचायला हवी होती आणि फाइल होती १.४ जीबीची. मेलने जाणं शक्यच नाही.

शेवटी दादूसने केबलवाल्याला फोन लावला. कोळीवाड्यात नेट येतं ते कौलावरून पत्र्यावर, पत्र्यावरून गच्चीवर उड्या मारत. पूर्वी जो भाऊ केबल टीव्हीचे पैसे घ्यायला यायचा, तोच आता ब्रॉडबँडवाला झालाय.

"वरून बंद आहे, भाऊ."

"वरून म्हणजे कुठून?"

"वरून म्हणजे... वरून!"

आता 'वरून' म्हणजे कुठून ते सांगते. १८ मे २०२० रोजी केंद्राच्या दूरसंचार खात्याने, म्हणजे डॉटने, इंटरनेट कंपन्यांना एक पत्र पाठवलं. वीट्रान्स्फरवरच्या दोन ठरावीक लिंक बंद करा, आणि वीट्रान्स्फर ही अख्खी साइटही बंद करा. कारण? राष्ट्रीय सुरक्षा किंवा जनहित. बस्स, एवढंच. त्या लिंकवर काय होतं, कुणाची तक्रार होती, किती दिवस बंद, काहीही नाही. ज्या दिवसांत देशातले डिझायनर, फोटोग्राफर, एडिटर, आर्किटेक्ट घरात कोंडून काम करत होते, नेमक्या त्याच दिवसांत त्यांचं कुरिअर बंद झालं.

मी हे सगळं दादूसला फोनवर समजावत होते तेव्हा स्पीकर चालू होता. मागून मावशीचा आवाज आला. मावशीने आयुष्यभर मासळी विकली. नेटबिट तिला काही कळत नाही, पण जाळं कळतं.

"आस बारीक ठेवली की पिल्लंपण येतात जाल्यात. त्यात काय नवीन?"

आस म्हणजे जाळ्याचं भोक. मावशीने एका वाक्यात जे सांगितलं ते पटवायला आम्हाला इथे अख्खा लेख लिहावा लागतोय!

प्रभादेवीची ती इमारत

तुम्हाला वाटेल, हे सगळं अलीकडचं. चूक. भारतात नेट आलं तेव्हापासून ही चाळणी सोबत आहे, आणि तिचा एक पत्ता कोळीवाड्यापासून टॅक्सीने पंधरा मिनिटांवर आहे (ट्रॅफिक नसेल तर, म्हणजे रात्री दोनला). प्रभादेवीचं लोकमान्य विदेश संचार भवन. तेव्हाच्या व्हीएसएनएलची ही इमारत. १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमने सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सुरू केलं, आणि पुढची काही वर्षं देशाबाहेर जायचा नेटचा दरवाजा एकट्या व्हीएसएनएलच्या ताब्यात होता. दरवाजा एकच असला की वॉचमनचं काम सोपं असतं.

अमेरिकेतल्या भावाशी नेटवरून स्वस्तात बोलायची सोय देणाऱ्या साइट व्हीएसएनएलने बंद केल्या होत्या. उघड आहे, आयएसडीचा धंदा बुडाला असता! नेटवरून फोन करणं भारतात कायदेशीर झालं ते १ एप्रिल २००२ रोजी. आज जावयाला व्हिडिओ कॉल लावणाऱ्या सासूबाईंना हे सांगून बघा, विश्वास बसणार नाही.

१९९९च्या उन्हाळ्यात कारगिलचं युद्ध पेटलं आणि पाकिस्तानच्या 'डॉन' वृत्तपत्राची साइट भारतात उघडेनाशी झाली. ज्यांना वाचायचं होतं त्यांनी तेव्हाही प्रॉक्सीची वाट शोधली. डायलअपवर, मोडेमच्या त्या किरकिरत्या आवाजात! २००३च्या सप्टेंबरमध्ये तर याहून मोठी गंमत झाली. मेघालयातल्या एका फुटीर गटाचा याहू ग्रुप्सवर छोटासा ग्रुप होता. सरकारने तो एक ग्रुप बंद करायला सांगितला. कंपन्यांनी काय केलं? अख्खे याहू ग्रुप्स बंद! कॉलेजची बॅच, ट्रेकिंगचा ग्रुप, परदेशी गेलेले मित्र, सगळ्यांचा कट्टा जवळजवळ दोन आठवडे ठप्प.

एक मासा पकडायला सांगितला होता, आख्खा समुद्र उपसला.

जुलै २००६

पण मुंबईकरांना हा प्रकार खऱ्या अर्थाने झोंबला तो जुलै २००६मध्ये.

११ जुलै, मंगळवार. संध्याकाळी ६.२४ला पहिला स्फोट. पुढच्या अकरा मिनिटांत पश्चिम रेल्वेच्या लोकलमध्ये सात स्फोट. माटुंगा रोड, माहीम, वांद्रे, खार, जोगेश्वरी, बोरिवली, मीरा रोड. १८०हून जास्त माणसं गेली, आठशेच्या आसपास जखमी झाली. त्या संध्याकाळी ऑफिसातून निघालेलं ज्याचं कुणी घरी पोचलं नव्हतं, त्याला विचारा. मोबाइल लागत नव्हते. लँडलाइन एंगेज. केईएम, सायन, भाभा, कूपर... कुठल्या हॉस्पिटलात कोण आहे, कुणालाच धड माहीत नव्हतं.

अशा वेळी नेटवरचा एक ब्लॉग कामाला आला. 'मुंबई हेल्प'. तिथे लोक लिहीत होते, माझा भाऊ अमुक गाडीत होता, हा त्याचा नंबर, कुणी लावून बघेल का? आणि मुंबईतली अनोळखी मुलंमुली खरंच फोन लावून बघत होती, उत्तर आणून टाकत होती. हेल्पलाइनचे नंबर, हॉस्पिटलं, रक्त कुठे हवंय, सगळं एका पानावर. लंडन-न्यू जर्सीत बसलेल्या नातेवाइकांसाठी ती पहिली खिडकी होती. हा ब्लॉग होता गुगलच्या ब्लॉगस्पॉटवर.

१३ जुलैला डॉटने कंपन्यांना एक यादी पाठवली. वीसेक पानं आणि साइट, या बंद करा. त्यात काही राजकीय साइट होत्या, काही अमेरिकेतल्या उजव्या विचारांच्या मंडळींचे ब्लॉग होते. यादीत 'मुंबई हेल्प' नव्हता. असण्याचं कारणही नव्हतं. पण यादीतली काही पानं ब्लॉगस्पॉटवर, काही टाइपपॅडवर, काही जिओसिटीजवर. कंपन्यांनी सरळ तिन्हींना टाळं ठोकलं.

शनिवार-रविवारपर्यंत ब्लॉगर मंडळींच्या लक्षात आलं की ही आपल्या घरची गडबड नाही. एकाचं उघडतंय, दुसऱ्याचं नाही, कारण प्रत्येक कंपनीने आपल्या सवडीने बटण दाबलेलं. आणि सगळ्यात भन्नाट गोष्ट अशी, की ब्लॉग लिहायची साइट, म्हणजे ब्लॉगर डॉट कॉम, चालू होती. वाचायची ब्लॉगस्पॉट बंद. म्हणजे तुम्ही लिहा खुशाल, वाचू मात्र नका! स्वतःच लिहिलेलं स्वतःला दिसत नाही, असा अनुभव त्या आठवड्यात हजारो लोकांनी घेतला.

मग पब्लिक कामाला लागलं. कुणी कस्टमर केअरला फोन करून करून त्यांना भंडावलं. तिथल्या बिचाऱ्या पोरांनाच काही माहीत नव्हतं. कुणी थेट दिल्लीला सरकारी बाबूंना फोन लावले. कुणी आरएसएस रीडरमधून ब्लॉग वाचायची युक्ती सांगितली. कुणी कंपनीनिहाय यादी केली, कुठे काय बंद. माहितीचा अधिकार तेव्हा जेमतेम नऊ महिन्यांचा होता. काहींनी त्याखाली अर्ज लिहायला घेतले.

आणि एक वाट आली थेट पाकिस्तानातून! तिथे त्याच वर्षी, डॅनिश व्यंगचित्रांच्या वादात काही पानं बंद करायच्या नादात अख्खा ब्लॉगस्पॉट बंद झाला होता. तिथल्या मंडळींनी 'पीकेब्लॉग्ज डॉट कॉम' या आडवाटेने आपापले ब्लॉग वाचणं चालू ठेवलं होतं. पत्त्यात ब्लॉगस्पॉटच्या जागी ते नाव टाकायचं, पान उघडायचं. झालं! मुंबईत स्फोट झाल्यानंतरच्या त्या आठवड्यात, टीव्हीवर पाकिस्तानच्या नावाने रान पेटलेलं असताना, मुंबईतली पोरं पाकिस्तानी ब्लॉगर्सच्या जुगाडाने मुंबईच्या बातम्या वाचत होती.

गाजावाजा वाढला, पेपरांत बातम्या आल्या, तेव्हा सरकारने कंपन्यांना सुनावलं की आम्ही ठरावीक पानं सांगितली होती, तुम्ही सगळं का बंद केलंत? कंपन्या म्हणाल्या, आमच्याकडे एकेक पान बंद करायची यंत्रणा नाही. आठवड्याभरात हळूहळू ब्लॉगस्पॉट उघडला. माफी? छे हो!

१९७ची बाई खोटं बोलते तेव्हा...

हे बंद कसं करतात, तो फंडा समजून घेऊ. एमटीएनएलचा १९७ आठवतो? नाव सांगायचं, पलीकडची बाई नंबर सांगायची. नेटवर हेच काम डीएनएस करतं. तुम्ही साइटचं नाव टाइप करता, तुमच्या कंपनीचा डीएनएस त्याचा आकड्यांतला पत्ता देतो. साइट बंद करायची सगळ्यात स्वस्त पद्धत म्हणजे १९७च्या बाईला सांगून ठेवायचं, या नावाची चौकशी आली की 'असं कुणी राहत नाही' म्हणून सांग. म्हणूनच कित्येकांनी बाईच बदलली. गुगलने डिसेंबर २००९मध्ये आपला सार्वजनिक डीएनएस काढला, पत्ता ८.८.८.८. एप्रिल २०१८मध्ये क्लाउडफ्लेअरचा १.१.१.१ आला. सेटिंगमध्ये चार आकडे बदलले की बरीच बंद दारं उघडायची.

'बरीच', सगळी नाही. कारण काही कंपन्या पोस्टात उभ्या राहून पाकिटं बघतात. पूर्वी नेटवरची पत्रं उघडी जायची, पोस्टकार्डासारखी. कंपनीला कुठलं पान मागितलंय तेही दिसायचं. आता बहुतेक साइट एचटीटीपीएसवर, म्हणजे बंद पाकिटात. आतला मजकूर दिसत नाही, पण पाकिटावरचं साइटचं नाव दिसतं. नाव यादीत असलं की पाकीट फाडून टाकायचं. यातली मेख लक्षात आली का? कंपनीला फक्त बिल्डिंगचं नाव दिसतं, फ्लॅट नंबर दिसत नाही. त्यामुळे आज एखाद्याने प्रामाणिकपणे 'हे एकच पान बंद करा' म्हटलं, तरी कंपनीच्या हातात अख्खी बिल्डिंग सील करणं एवढंच उरतं. आणि बिल्डिंग सील होणं म्हणजे काय, ते कोळीवाड्याला वेगळं सांगायला नको.

बरं, सगळ्या कंपन्या एकच यादी पाळत असतील असं वाटतं ना? सेंटर फॉर इंटरनेट अँड सोसायटीच्या संशोधकांनी ४,३७९ साइटची यादी घेऊन सहा मोठ्या कंपन्यांची जोडणी तपासली. २०२०मध्ये आलेल्या या अभ्यासात दिसलं की कंपनीगणिक बंद साइट वेगळ्या, बंद करायची रीतही वेगळी. म्हणजे तुम्हाला काय वाचता येईल हे तुमच्या बिल्डिंगमध्ये कुठली वायर आलीय त्यावर ठरतं! दादूसच्या घरी बंद असलेली साइट शेजारच्या काकांच्या मोबाइलवर धडधडीत चालू असते, ती यामुळे.

किल्ला कोर्ट ते हायकोर्ट

३१ डिसेंबर २०१४. थर्टी फर्स्टच्या मूडमध्ये असलेल्या आयटीवाल्यांची पार्टी खराब झाली. गिटहब उघडेना. ज्यांचा या नावाशी संबंध नाही त्यांच्यासाठी, गिटहब म्हणजे प्रोग्रामर मंडळींचं कोठार. जगभरचा कोड तिथे ठेवलेला असतो. ते बंद म्हणजे सुताराकडची हत्यारांची पेटीच गायब. जोडीला व्हिमिओ, डेलीमोशन, पेस्टबिन, इंटरनेट अर्काइव्ह, एकूण ३२ साइट. चौकशी केली तर धागा निघाला मुंबईतच. एटीएसचा तपास चालू होता, आयसिसचा प्रचार या साइटवरून होतो असं म्हणणं होतं, आणि एस्प्लनेड कोर्टाने, म्हणजे आपल्या किल्ला कोर्टाने, नोव्हेंबरमध्ये आदेश दिला होता. तपास गंभीर होता, त्याबद्दल दुमत नाही. पण प्रचार करणाऱ्याने कागद जिथे चिकटवला ती भिंतच पाडायची का? देशभर ओरड झाल्यावर, सहकार्य करू म्हणणाऱ्या साइट एकेक करून उघडल्या.

त्याआधी २०१२मध्ये सिनेमावाल्यांची पाळी होती. पायरसी थांबवायला मद्रास हायकोर्टाचा आदेश आणला आणि कंपन्यांनी व्हिमिओसकट बऱ्याच साइट बंद केल्या. ९ जून २०१२ रोजी गाय फॉक्सचे मुखवटे घालून पोरं आझाद मैदानात उतरली. गिरणी कामगार, शिक्षक, अंगणवाडी सेविका यांच्या मोर्चांना सरावलेल्या मैदानाला हा प्रकार नवाच होता. त्याच महिन्यात कोर्टाने स्पष्ट केलं की फक्त ठरावीक लिंक बंद करा, अख्खी साइट नाही. तरी २०१७मध्ये 'जब हॅरी मेट सेजल' आणि 'टॉयलेट: एक प्रेमकथा' यांच्यापायी अडीच हजारांहून जास्त साइटच्या यादीत इंटरनेट अर्काइव्ह सापडलंच. जुनी वेबपानं जपून ठेवणारं ते ग्रंथालय! सेजलची अंगठी शोधता शोधता लायब्ररी बंद.

आणि ऑगस्ट २०१५? आठवतंय सगळ्यांना, कबूल कुणी करणार नाही. ८५७ 'तसल्या' साइट बंद केल्याचा आदेश ३१ जुलैचा. ४ ऑगस्टला सरकारने तो सैल केला. एवढ्या झटपट निर्णय फिरलेला दुसरा कुठलाही सार्वजनिक प्रश्न मला तरी माहीत नाही.

या सगळ्या गोंधळात एक माणूस मला फार आवडतो. मुंबई हायकोर्टाचे तेव्हाचे न्यायमूर्ती गौतम पटेल. जुलै २०१६मध्ये 'ढिशूम' सिनेमाची निर्माती कंपनी त्यांच्यापुढे आली. पिक्चर रिलीज होतोय, पायरसीच्या साइट बंद करा. पटेलसाहेबांनी आधी विचारलं, अख्खी साइट का? त्या साइटवर कायदेशीर काहीच नाही, हे तुम्ही तपासलंत का? एकेक लिंक तपासा, शपथेवर सांगा, मग बघू. आणि पुढे त्यांनी जे सांगितलं ते याआधी कुणाला सुचलं नव्हतं. साइट उघडायला गेलेल्या माणसाला पांढरं पान दाखवू नका. कुठल्या कोर्टाने, कुठल्या दाव्यात बंद केलं ते लिहा. त्याची तक्रार असेल तर ती कुठे करायची तेही लिहा.

म्हणजे 'वरून' म्हणजे कुठून, हे सांगा!

अर्थात, त्यातही घोटाळा झालाच. ऑगस्टमध्ये लोकांना जो मजकूर दिसू लागला त्यातून अर्थ निघत होता की ही लिंक नुसती बघितली तरी तीन वर्षं तुरुंग आणि तीन लाख दंड. व्हॉट्सअॅपवर घबराट. न्यायमूर्तींनी त्याच महिन्यात खुलासा केला, नुसतं बघणं हा गुन्हा नाही.

मग गुपित कशाला?

कोर्टाच्या आदेशाचा निदान कागद तरी मिळतो. सरकारी आदेशाचं तसं नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याचं कलम ६९अ आणि २००९चे नियम. त्यातला १६वा नियम सांगतो की तक्रार आणि कारवाई, सगळं गुप्त ठेवायचं. मार्च २०१५मध्ये सुप्रीम कोर्टाने ६६अ हे कलम रद्द केलं (पालघरच्या दोन मुलींना फेसबुक पोस्टवरून अटक झाली होती, ते हेच कलम), पण ६९अ कायम ठेवलं. कारणं लेखी द्यावी लागतात, समिती असते, म्हणून ते ठीक आहे असं कोर्ट म्हणालं. कारणं लेखी असतात खरी. ती आपल्याला दाखवत नाहीत, एवढंच. सरकारने संसदेत दिलेले आकडे बघा. २०१८मध्ये या कलमाखाली २,७९९ लिंक बंद झाल्या, २०२०मध्ये ९,८४९.

सगळं उघडं ठेवा असं कुणी शहाणा माणूस म्हणणार नाही. लहान मुलांचे किळसवाणे व्हिडिओ, बँकेच्या नावाने फसवणाऱ्या साइट बंद व्हायलाच हव्यात. पण कधीकधी बंद होणारी गोष्ट आपल्या घराशी येऊन भिडते. २०२०च्याच जून-जुलैत काय झालं पाहा. केंद्राने पर्यावरण परवानग्यांच्या नव्या नियमांचा मसुदा काढला होता. प्रकल्पाआधी लोकांना किती विचारायचं, हा त्यातला कळीचा मुद्दा. लोकांच्या हरकती मागवल्या होत्या. 'लेट इंडिया ब्रीद', 'फ्रायडेज फॉर फ्यूचर' अशा तरुणांच्या साइटवरून लोक हरकतींची ईमेल पाठवत होते. आणि ऐन मुदतीत अशा तीन साइट उघडेनाशा झाल्या. एका साइटला तर दिल्ली पोलिसांनी दहशतवादविरोधी कायद्याचं कलम लावलेली नोटीस पाठवली, आणि नंतर 'ते चुकून झालं' म्हणत मागे घेतली.

यात कोळीवाड्याचं काय? सांगते. कोस्टल रोडविरुद्ध हायकोर्टात गेलेल्यांत वरळी कोळीवाडा नाखवा मत्स्य व्यवसाय सहकारी सोसायटी होती. जुलै २०१९मध्ये हायकोर्टाने रस्त्याची सीआरझेड परवानगी रद्द केली, डिसेंबरमध्ये सुप्रीम कोर्टाने त्याला स्थगिती दिली आणि काम पुन्हा सुरू झालं. पुढे पुलाच्या दोन खांबांतलं अंतर ६० मीटरऐवजी १२० मीटर करून घ्यायलाही कोळ्यांना वर्षानुवर्षं भांडावं लागलं. बोटी त्याच खांबांमधून जायच्या. ज्यांच्या दारात असा रस्ता येतो, त्यांच्यासाठी हरकत नोंदवायची मुदत ही पोटापाण्याची गोष्ट आहे. तो मसुदा आला होता फक्त इंग्रजी-हिंदीत. इतर भाषांत भाषांतर करा, असं दिल्ली हायकोर्टाला ३० जूनला सांगावं लागलं. म्हणजे मसुदा मराठीत नाही आणि सोप्या शब्दांत समजावणारी साइट उघडत नाही!

व्हीपीएन लावलं की झालं?

आजचा रामबाण उपाय सगळ्यांना ठाऊक आहे. व्हीपीएन. तुमचं पाकीट दुसऱ्या मोठ्या पाकिटात घालून परदेशातल्या पत्त्यावरून पाठवायचं. पण दोन गोष्टी ध्यानात ठेवा, बॉस. फुकटचं व्हीपीएन चालवणाऱ्याचं पोट कशावर चालतं? बहुतेकदा तुमच्या माहितीवर. दुसरं, एप्रिल २०२२मध्ये सर्ट-इन या सरकारी संस्थेने व्हीपीएन कंपन्यांना ग्राहकांची माहिती पाच वर्षं साठवायला सांगितली. त्यावर एक्स्प्रेसव्हीपीएन, सर्फशार्क, नॉर्डव्हीपीएन यांनी भारतातले सर्व्हर उचलले. आणि ऑफिसच्या लॅपटॉपवर हे उद्योग करणार असाल, तर आधी एचआरच्या पॉलिसीवर एक नजर टाका.

माझं स्पष्ट मत सांगते. जुगाडाने तुमचं त्या दिवशीचं काम होतं, बंद साइट बंदच राहते. जी दारं खरोखर उघडली ती कुणीतरी 'का' विचारलं म्हणून. व्हीएलसी हा प्लेअर तुमच्यातल्या प्रत्येकाच्या मशीनवर असेल. त्याची साइट २०२२मध्ये महिनोन्महिने भारतात बंद होती, कारण कुणालाच माहीत नाही. ऑक्टोबरमध्ये ती चालवणाऱ्या फ्रेंच मंडळींनी, इंटरनेट फ्रीडम फाउंडेशनच्या मदतीने, सरळ कायदेशीर नोटीस धाडली: आदेशाची प्रत द्या. नोव्हेंबरमध्ये साइट उघडली.

दादूसने अर्थातच नोटीस वगैरे पाठवली नाही. त्याच्याकडे सहापर्यंतचा वेळ होता. त्याने शेजारच्या काकांचा मोबाइल मागितला, दुसऱ्या कंपनीचा, रोजच्या डेटा पॅकवाला. उंबऱ्यात बाकड्यावर फोन ठेवला, हॉटस्पॉट लावला. काकांना ताकीद, आज व्हॉट्सअॅप उघडायचं नाही, बातम्या बघायच्या नाहीत. टक्के मुंगीच्या पावलाने सरकत होते. ३१. ३२. मध्येच काकांना त्यांच्या लेकीचा फोन आला, नेट तुटलं, पुन्हा शून्यापासून. सहा वाजून गेले. सात वाजले. मावशीने दोघांना चहा दिला आणि काकांची समजूत काढायला सुक्या बोंबलाची चटणीही दिली. पावणेआठला फाइल गेली. काकांचा दिवसाचा पॅक जवळजवळ साफ.

सव्वाआठला क्लायंटचं उत्तर आलं.

'सुपर! फक्त लोगो जरा मोठा करून परत पाठवाल का?'